दुरुस्तीला आलेलं जुनं रिव्हॉल्वर घेताना: बेळगाव सीमाभागातल्या नवख्यांसाठी

आपल्या भागात जुनी हत्यारं निघण्याचं प्रमाण जास्त आहे आणि त्याला कारणं आहेत. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, त्यामुळे गावोगाव फौजी घराणी आहेत. त्यात भर म्हणजे हा सगळा मुलूख एकेकाळी तुकड्यातुकड्यांनी संस्थानांत वाटलेला होता. शहापूर सांगली संस्थानात होतं, रायबाग कोल्हापूरकडे. इनामदार, देसाई, वतनदार यांच्या वाड्यांतून कधी ठासणीची बंदूक निघते, कधी इंग्रजी बनावटीचं रिव्हॉल्वर. मग कुणीतरी सांगतं, "घे की, बंदच पडलंय, त्याला काय लायसन्स लागतंय?"

या एका वाक्यामुळे चांगली माणसं अडचणीत येतात. मी स्वतः वेब्ली अँड स्कॉट या इंग्रजी कंपनीचं .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप) जुनं रिव्हॉल्वर रीतसर विकत घेतलं, रीतसर दुरुस्त करून घेतलं. ते करताना जे कळलं ते क्रमाने लिहितोय. क्रम मोडू नका, कारण या कामात क्रम चुकला की कायदा मोडतो.

१. पहिला प्रश्न: ते पुन्हा चालू होऊ शकतं का?

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ४५ काही वस्तूंना सूट देतं. त्यात जुन्या पद्धतीची, पुराणवस्तू म्हणून मोल असलेली किंवा मोडकळीला आलेली हत्यारं येतात. पण पुढची अट वाचायची लोक विसरतात. दुरुस्ती करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे जे बंदूक म्हणून वापरता येणार नाही, तेवढ्यालाच सूट आहे.

म्हणजे घोडा मोडलाय, स्प्रिंग गेलीय, काडतुसं बसतात ते चक्र फिरत नाही, गंजून अडकलंय, असं असलं तरी कारागीर ते नीट करू शकत असेल तर कायद्याच्या नजरेत ते पूर्ण, जिवंत हत्यार आहे. तुम्ही हा लेख वाचताय म्हणजे तुम्हाला ते दुरुस्त करायचंय. मग तुमच्यासाठी कलम ४५ चा विषय तिथेच संपला. परवाना लागणारच.

"शंभर वर्षं झाली की लायसन्स लागत नाही" असंही ऐकायला मिळतं. शंभर वर्षांचा निकष पुराणवस्तूंच्या १९७२ च्या कायद्यातला आहे आणि त्याचा संबंध पुराणवस्तूंची नोंद, विक्री आणि देशाबाहेर नेण्यावरची बंदी यांच्याशी आहे. १९१५ साली बनलेलं वेब्ली आजही गोळी झाडू शकतं, त्यामुळे नुसत्या वयावर शस्त्र कायद्यातून सुटका नाही.

आणखी एक गैरसमज खास कर्नाटकातला. कोडगूत लोकांना परवान्याशिवाय बंदूक ठेवता येते, मग आपल्याला का नाही? ती सूट कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा (वंशपरंपरेने चालत आलेल्या जुन्या हक्काच्या) जमीनधारकांना आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या माणसाला तिचा काडीचा उपयोग नाही.

सुटे भागही हलक्यात घेऊ नका. कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. नुसती नळी किंवा नुसतं चक्र "स्पेअर म्हणून" कुणाकडून आणून ठेवणं हासुद्धा धोका आहे.

विनापरवाना साधं (प्रतिबंधित प्रकारात न मोडणारं) हत्यार सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं आणि कमाल ५ वर्षं कैद, शिवाय दंड. बंद पडलेलं होतं हा बचाव चालत नाही.

२. बोअर विचारा, मग बाकीचं

किंमत, बनावट, कुणाच्या कमरेला होतं हे सगळं नंतर. आधी नळीवर काय कोरलंय ते बघा.

ब्रिटिश अमलातली बरीचशी फौजी रिव्हॉल्वरं .४५५ किंवा .३८० ची आहेत. वेब्ली मार्क ६ हे .४५५ चं, एनफिल्ड नंबर २ हे .३८० चं. .४५५ किंवा .३८० ची कडा असलेली काडतुसं ज्यात बसतात आणि झाडता येतात, अशी रिव्हॉल्वरं आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये धरली जातात, ज्याला सगळे 'पीबी' म्हणतात. त्यांचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही, तो विषय दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. सर्वसाधारण माणसाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. फौजी घरातून निघालेलं, दिसायला देखणं, स्वस्तात मिळणारं रिव्हॉल्वर बहुतेकदा नेमकं यातलंच असतं, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

'.३८' असा शिक्का असलेल्या जुन्या वेब्ली आणि स्मिथ अँड वेसनबद्दलही हीच काळजी घ्या. .३८ एस अँड डब्ल्यू (म्हणजे स्मिथ अँड वेसन) आणि फौजेचं .३८० हे काडतूस मापाने एकच घराणं आहे. एकात बसतं ते दुसऱ्यातही बसतं, आणि कायदा नेमकं तेवढंच विचारतो.

आपल्या कामाचं बोअर म्हणजे .३२, पूर्ण नावाने .३२ एस अँड डब्ल्यू लाँग. वेब्ली मार्क ४ हे मॉडेल .३८ मध्येही होतं आणि .३२ मध्येही. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारं .३२ रिव्हॉल्वर याच वेब्लीच्या धर्तीवरचं आहे. काडतुसं देशात बनतात आणि परवानाधारक दुकानात मिळतात. जुन्या कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनमध्येही .३२ सापडतात.

परदेशी बनावटीचं .३२ एवढं महाग का, असं पहिल्यांदा दुकानात गेल्यावर वाटेल. १९८० च्या दशकापासून सामान्य माणसाला परदेशातून हत्यार आणणं जवळजवळ बंद झालंय. जी आधी देशात आली तीच हातोहात फिरतात. त्यामुळे नादुरुस्त वेब्लीलाही चांगल्या चालत्या देशी रिव्हॉल्वरपेक्षा जास्त भाव सांगितला जातो. तो भाव नावाचा आहे, हे मनात धरून पुढची पाहणी करा.

कुणी सांगितलं की "मूळ .३८ होतं, बोअर बदलून .३२ केलंय", तर बदल कोणत्या परवानाधारक कारखानदाराने केला त्याचा कागद मागा. कागद नसेल तर नमस्कार करून निघा.

३. परवाना: हत्यार पसंत पडण्याआधी

परवाना हातात नसताना सौदा करू नका. अर्ज कुठे करायचा यात आपल्याकडे गोंधळ होतो. बेळगाव शहराच्या पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त. खानापूर, चिकोडी, निपाणी, हुक्केरी, अथणी अशा बाकीच्या भागात जिल्हाधिकारी, म्हणजे आपल्या बोलीतलं डीसी (डेप्युटी कमिशनर) ऑफिस. 'कमिशनर' दोन्हीकडे असल्यामुळे नवखा माणूस चुकीच्या इमारतीत रांग लावतो. आपलं पोलीस ठाणं कुठल्या हद्दीत आहे ते ठाण्यातच विचारून घ्या. शहराला लागून असलेल्या गावांत तर नक्कीच विचारा.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे अर्ज नमुना ए-१ मध्ये असतो. वय २१ पूर्ण हवं. फाइलमध्ये साधारण हे लागतं:

- पांढऱ्या पार्श्वभूमीचे पासपोर्ट आकाराचे फोटो
- ओळखीचा, रहिवासाचा आणि जन्मतारखेचा पुरावा
- उत्पन्नाचे कागद: आयकर विवरण, किंवा शेती असेल तर उतारा
- डॉक्टरांचं शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, नमुना एस-३
- हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, नमुना एस-१
- हत्यार घरी सुरक्षित कुठे ठेवणार याचं हमीपत्र
- रिव्हॉल्वर का हवं याचं कारण आणि त्याला आधार देणारे कागद

सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि मूळ प्रती सोबत ठेवा. आधार कार्डावर, उताऱ्यावर आणि शाळेच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग जुळतंय का ते आधी तपासा. आपल्या भागात हा मोठा अडसर आहे. दाखला मराठीतला, उतारा कन्नडमधला, आधार इंग्रजीतलं, आणि आडनाव तिन्हींत वेगळं. जुळत नसेल तर नोटरीचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा, नाहीतर फाइल पोलीस ठाण्यातून परत येते.

कारण काय लिहायचं यावर थोडं थांबतो. खानापूर भागातले शेतकरी गवा आणि रानडुकराच्या त्रासाला कंटाळून अर्ज करतात आणि अर्जात रिव्हॉल्वर लिहितात. पीक संरक्षणाचा विचार कायद्यात आहे, पण तो ठासणीच्या बंदुकीसाठी. रिव्हॉल्वरला ते कारण लागू पडत नाही. जिवाला धोका असेल, व्यवसायात मोठी रोकड न्यावी लागत असेल, पूर्वी तक्रार नोंदवली असेल, तर ते खरं खरं लिहा आणि तक्रारीची प्रत जोडा. हौस किंवा संग्रह एवढ्यावर अर्ज टिकणं अवघड आहे. आणि खोटं कारण लिहू नका, कारण चौकशीला येणारा पोलीस शेजाऱ्यांनाही विचारतो.

चौकशीचा जबाब बहुधा कन्नडमध्ये लिहिला जातो. कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, अशी आपल्यातली पुष्कळ माणसं आहेत. सही करण्याआधी जबाब मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. हे मागणं तुमचा हक्क आहे आणि नम्रपणे सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही. पत्ता, व्यवसाय आणि मागितलेल्या हत्याराचा प्रकार बरोबर लिहिलाय का, एवढं तरी खात्रीने ऐका.

अर्ज नाकारला तर कलम १८ खाली अपील करता येतं. नकाराचा लेखी आदेश घ्या, तोंडी "होत नाही" यावर घरी येऊ नका.

परवाना मिळाला की तो तिथेच, खिडकीसमोर उभं राहून वाचा. युनिक आयडी क्रमांक, हत्याराचा प्रकार, बोअर, काडतुसांची संख्या, किती मुदतीत हत्यार घ्यायचं, आणि परवाना कुठल्या प्रदेशापुरता चालतो हे त्यात लिहिलेलं असतं. शेवटचा रकाना आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. आपण सकाळी बाचीहून निघालो की शिनोळीला महाराष्ट्रात, चोर्ला घाट उतरलो की गोव्यात. परवान्यात फक्त कर्नाटक असेल तर कोगनोळी नाक्यापलीकडे ते हत्यार घेऊन जाता येत नाही. विकणारा कोल्हापूर, गडहिंग्लज किंवा सावंतवाडीचा असेल तर हद्दीचा प्रश्न सौद्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयातून लेखी सोडवून घ्या.

४. विकणाऱ्याचे कागद

विकणारे तीन प्रकारचे भेटतात.

परवानाधारक दुकानदार हा सगळ्यात सरळ मार्ग. त्याच्याकडे हत्याराची नोंद वहीत असते, पावती मिळते, आणि नादुरुस्त असेल तर दुरुस्तीचं तोही बघू शकतो. भाव थोडा जास्त पडतो. नवख्याने हाच मार्ग धरावा.

दुसरा, स्वतः परवानाधारक असलेला माणूस. त्याचा परवाना चालू आहे का, त्यावर हेच हत्यार, हाच क्रमांक आहे का, ते मूळ परवान्यावर बघा. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. मुदत संपलेल्या परवान्यावरचं हत्यार त्याने आधी जमा करायला हवं, ते त्याच्या घरात असेल तर तोच अडचणीत आहे आणि तुम्हालाही घेऊन बुडेल.

तिसरा प्रकार आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो: परवानाधारक वारलेत आणि हत्यार वारसांकडे आहे. माझं रिव्हॉल्वर असंच आलं. त्या घरातल्या काकूंनी यजमान गेल्यावर लगेच ते दुकानदाराकडे जमा केलं होतं आणि पावती देव्हाऱ्यातल्या पेटीत जपून ठेवली होती. त्या एका पावतीमुळे पुढचं सगळं सुरळीत झालं. परवानाधारक वारला की हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं असतं. मग वारस आपल्या नावावर परवाना मागू शकतो किंवा परवाना असलेल्या माणसाला विकायची परवानगी मागू शकतो. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, बाकी वारसांची ना-हरकत, आणि जमा केल्याची पावती, हे चार कागद बघितल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नका. भावाभावांत वाटणीचा वाद असेल तर त्या घरातलं हत्यार घेऊ नका, मग ते कितीही सुंदर असो.

कागद बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुन्या परवान्यांवर मुंबई सरकारचे शिक्के दिसतात, त्याआधीच्या काही कागदांवर संस्थानचे. ते खोटे नसतात, पण एवढ्यावर भागतही नाही. १९५९ चा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, आणि तिथून आजवर नूतनीकरणाची साखळी तुटलेली नसावी. आजोबांच्या नावाचा पिवळा पडलेला कागद आणि मधली चाळीस वर्षं कोरी, असं असेल तर ते आज विनापरवाना हत्यार आहे.

स्वतःच्याच वाड्याच्या माळ्यावर कागद नसलेलं रिव्हॉल्वर सापडलं तर? पिशवीत घालून गाडीवरून ठाण्यात नेऊ नका. हात न लावता आधी वकिलाला विचारा, मग ठाण्याला लेखी कळवा आणि पोलिसांना येऊन पंचनामा करू द्या. त्याच्यासोबत काडतुसं असतील तर तीही तशीच राहू द्या.

५. पाहणी

पाहणी परवानाधारक दुकानातच करा, विकणाऱ्याला हत्यार तिथे आणू द्या. शेतात, लॉजवर, हायवेच्या ढाब्यावर कुणी दाखवायला बोलावलं तर जाऊ नका. तिथे बहुतेक गावठी कट्ट्यावर वेब्लीचा शिक्का मारून दाखवतात.

हातात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे ते रिकामं असल्याची खात्री. विकणारा रिकामं आहे म्हणाला तरी स्वतः उघडून सहाही घरं बघा. नळीचं तोंड माणसांकडे जाऊ देऊ नका, बोट चापापासून लांब.

मग क्रमांक. सांगाडा, नळी, चक्र यांवरचे क्रमांक भिंगाने वाचा आणि परवान्याशी ताडून बघा. क्रमांक घासलेला, पुन्हा कोरलेला किंवा नसलेला असेल तर हत्यार टेबलावर ठेवा आणि बाहेर पडा. कलम ८ प्रमाणे खूण नसलेलं हत्यार विकता येत नाही, आणि ते ज्याच्या ताब्यात सापडतं त्यानेच खूण पुसली असं गृहीत धरलं जातं. उलट सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते.

आता यंत्राकडे या. मला स्वतःला हा भाग फार आवडतो, कारण जुन्या कारागिरीची खरी ओळख इथे होते. वेब्ली मधोमध मोडून उघडतं. वरचा खटका दाबला की नळी खाली वाकते आणि काढणी (काडतुसं बाहेर ढकलणारा भाग) आपोआप वर येते. हा खटका आणि बिजागरीची खीळ ही वेब्लीची दुखरी जागा. बंद करून नळी आणि मूठ दोन हातांत धरून हलकं हलवा. खटक्यात किंवा बिजागरीत खडखड जाणवली तर ती झीज आहे, आणि ती काढणं खर्चाचं काम आहे.

चक्र पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित हालचाल जुन्या हत्यारात असते, पण ढिलेपणा नको. दुकानदाराला सांगून रिकाम्या अवस्थेत घोडा अगदी सावकाश मागे ओढायला लावा. घोडा पूर्ण मागे अडकण्याच्या आधी किंवा त्याच क्षणी चक्र जागेवर घट्ट बसायला हवं. हे सहाही घरांना स्वतंत्रपणे बघा, एखादंच घर चुकतं आणि तेच धोक्याचं असतं. घर नळीशी जुळलं नाही तर गोळी नळीच्या कडेवर आपटते आणि शिसं बाजूला उडतं. मागे अडकवलेल्या घोड्याला अंगठ्याने पुढे हलका दाब द्या. तो सुटला तर आतला दात झिजलाय.

नळीत मागून उजेड टाकून बघा. गंजाचे खड्डे थोडे असतील तर चालतं. पण आत एखादी काळी गोल रेघ दिसली आणि बाहेरून त्याच जागी बोटाला फुगवटा लागला, तर नळीत कधीतरी गोळी अडकून वर दुसरी झाडली गेलीय. ते हत्यार घेऊ नका. चक्राच्या घरांमधल्या पातळ भिंतीवर आणि सांगाड्यावर केसासारखी चीर दिसली तरीही घेऊ नका.

चकचकीत निकेल किंवा ताजा काळा मुलामा बघून भुलू नका. जुनं हत्यार घासून पॉलिश केलं की अक्षरांच्या कडा बोथट होतात, कंपनीच्या नावाची छाप पसरट दिसते. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे मुकुटाचे शिक्के स्पष्ट असतील तर समाधानाची गोष्ट आहे. झिजलेला पण अस्सल मुलामा असलेलं हत्यार मला नव्याने चमकवलेल्यापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं.

स्प्रिंग कमजोर, टोचणी (काडतुसावर आपटणारी पिन) तुटलेली, मुठीच्या पट्ट्या तडकलेल्या, एवढीच दुखणी असतील तर बिनधास्त पुढे जा. ही कामं होतात.

६. इसारा, ४५ दिवस आणि ताबा

पसंत पडलं की इसारापावती करा, पूर्ण रक्कम देऊ नका. पावतीत हत्याराचं वर्णन, क्रमांक, बोअर, आजची स्थिती आणि "परवानगी न मिळाल्यास इसारा परत" हे वाक्य असू द्या. पैसे बँकेतून द्या.

खासगी परवानाधारक आपलं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकताना जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवतो, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. तोवर हत्यार त्याच्याकडेच राहतं. "तुम्ही घेऊन जा, कागद मागून होतील" असं आग्रहाने सांगणारा माणूस भला असला तरी त्याचं ऐकू नका. कळवल्याच्या अर्जावर पोच घ्या आणि तारीख मोजा.

मुदत झाल्यावर एकाच दिवशी दोन नोंदी व्हायला हव्यात. त्याच्या परवान्यातून हत्यार कमी आणि तुमच्या परवान्यात चढवलेलं. मग दिलेल्या मुदतीत ते कार्यालयात किंवा ठाण्यात नेऊन दाखवायचं. तुमच्या नावावर आधीच हत्यारं असतील तर लक्षात ठेवा, २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच, आणि वारशाने आलेलीही त्यातच मोजतात.

७. दुरुस्ती

दुरुस्ती करायला आणि दुरुस्तीनंतर हत्याराची चाचणी घ्यायलाही कायद्याने परवाना लागतो. म्हणून गावातला हुशार लोहार, लेथवाला मित्र किंवा व्हिडिओ बघून स्वतः, यातलं काही चालणार नाही. परवानाधारक कारागिराकडेच द्या. देताना पावती घ्या, त्यावर क्रमांक आणि काम लिहून घ्या. हत्यार तुमच्याकडे नाही ते कुठे आहे, हे तुम्हाला कधीही सांगता आलं पाहिजे.

वेब्ली अँड स्कॉटने इंग्लंडात बंदुका बनवणं १९७९ मध्ये थांबवलं, त्यामुळे जुन्या हत्याराचे नवे सुटे भाग सहसा मिळत नाहीत. स्प्रिंग आणि टोचणी कारागीर हाताने घडवतो. त्याला वेळ लागतो, घाई करू नका. कामाआधी अंदाजपत्रक लेखी घ्या, आणि काढलेले जुने भाग परत मागा. नळी किंवा चक्र बदलावं लागेल असं कारागीर म्हणाला तर आधी परवाना कार्यालयाला कळवा, कारण मग क्रमांकाचा प्रश्न येतो. मुलामा नव्याने चढवण्याचा मोह आवरा. मोल कमी होतं आणि शिक्के पुसट होतात.

काम झाल्यावर चाचणीही त्याच्याकडेच. शेतात जाऊन एक बार काढून बघतो, असं करू नका. आणि लग्नात, वरातीत हवेत बार काढणं हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जुन्या रिव्हॉल्वरसोबत मिळालेली जुनी काडतुसं वापरू नका. ती जमा करा आणि परवान्यावर नवी घ्या.

८. घरी आणल्यावर

खानापूर, कणकुंबी, जांबोटीकडचा पाऊस लोखंडाचा शत्रू आहे. चामड्याच्या म्यानात ठेवलं की चामडं ओल धरून ठेवतं आणि आठवड्यात गंजाचे ठिपके उठतात. कोरड्या कापडाने पुसून तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कुलूपबंद तिजोरीत ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली फक्त तुमच्याकडे. घरात लहान मुलं असतील तर याला पर्याय नाही.

परवान्याची मुदत आता ५ वर्षं आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या बरेच आधी द्या. निवडणूक जाहीर झाली की ठाण्यातून हत्यार जमा करायचा निरोप येतो. जमा करताना पावतीवर क्रमांकासोबत हत्याराची स्थितीही लिहून घ्या, आणि देण्याआधी तेलाचा हात द्या, कारण तिथे ते महिना-दोन महिने पडून राहतं. निकालानंतर परत आणायला उशीर करू नका. परत घेताना ठाण्यातच उघडून क्रमांक ताडून बघा आणि मगच सही करा.